सुट्या भागांतून छोटा घरगुती संगणक: किनाऱ्यावरचं घर, बजेट सात हजार

पुळण (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. घरात पडून असलेलं सामान असं: एच८१ चिपसेटचा मायक्रो-एटीएक्स मदरबोर्ड (सगळे भाग जोडायचा मुख्य बोर्ड, २२६ × १७४ मिमी, एचडीएमआय आहे), कोअर आय३-४१३० प्रोसेसर आणि त्याच्यासोबत आलेला गोल पंखा, ४ जीबीची एक डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि वर ४५० वॉट लिहिलेला जुना एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा). कॅबिनेट गंजून भोकं पडली म्हणून भंगारात दिलं. पडदा म्हणून ३२ इंची टीव्ही.

टीव्हीच्या कपाटात मावेल एवढी पेटी हवी आहे. काम म्हणजे मुलीचा दहावीचा अभ्यास, व्हिडिओ, आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, सातबारा काढणं, छपाई. गेम नाहीत. खर्च ७ हजारांच्या आत बसवायचा आहे. घर समुद्रापासून चारेकशे मीटरवर आहे, दुपारनंतर वारा थेट आत येतो. सुरुवात कुठून करू?

जांभाचिरा

पेटीचा विचार सगळ्यात शेवटी. आधी हे सामान जिवंत आहे का ते टेबलावर बघा, तोवर थर्मल पेस्ट सोडून एक रुपयाही खर्च करू नका.

लाकडी टेबलावर कोरडा पुठ्ठा ठेवा आणि बोर्ड त्यावर. ज्या चंदेरी पिशवीत बोर्ड येतो तिच्यावर ठेवून चालू करू नका, त्या पिशवीच्या बाहेरच्या थरातून वीज वाहू शकते. हार्ड डिस्क लावू नका. प्रोसेसर, पंखा, एकच रॅम आणि एचडीएमआय एवढंच. एसएमपीएसची २४ पिनांची रुंद वायर लावा आणि प्रोसेसरजवळची ४ पिनांची चौकोनी वायरही आठवणीने लावा. पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच नाही, या तक्रारीत निम्म्या वेळा हीच ४ पिनांची वायर राहिलेली असते.

बटण नसलं तरी अडत नाही. बोर्डाच्या कडेला समोरच्या बटणांसाठी दोन ओळींतल्या नऊ पिना असतात. नेहमीच्या मांडणीत ६ आणि ८ क्रमांकाच्या पिना चालू-बंदच्या. तरी आधी बोर्डावरची छपाई बघा, मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने त्या दोघींना क्षणभर एकत्र टेकवा.

चालू करण्याआधी पंखा काढून जुनी थर्मल पेस्ट पुसून टाका. दहा वर्षांची पेस्ट चुन्यासारखी सुकलेली असते. नवी पेस्ट मध्यभागी वाटाण्याएवढी, पसरवायची गरज नाही, पंख्याच्या दाबाने आपोआप पसरते. या पंख्याला चार प्लास्टिकचे पाय असतात. ते समोरासमोरच्या जोडीने दाबायचे, आणि चारही पाय बोर्डाच्या मागून बाहेर आलेले डोळ्यांनी बघायचे. एक पाय अर्धवट राहिला तर तापमान मिनिटभरात ९० च्या पुढे जातं आणि संगणक स्वतःच वेग कमी करतो.

आणि सॉकेटमधल्या पिना. प्रोसेसर उचललात की मोबाईलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा आणि मोठा करून बघा. सगळ्या पिना एकाच दिशेने चमकल्या पाहिजेत. एखादी वेगळी चमकली तर ती वाकलेली आहे.

खाजण

रॅमबद्दल लिहितो, कारण स्वस्त सामान घेताना सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात.

एकच ४ जीबी असेल तर आणखी एक ४ जीबी घ्या, शक्यतो १६०० मेगाहर्ट्झची. दोन रॅम दोन खाचांत बसल्या की ड्युअल चॅनल होतं, म्हणजे दोन्ही एकाच वेळी कामाला लागतात. तुमच्या आय३ मधलं ग्राफिक्स स्वतंत्र मेमरी न ठेवता हीच रॅम वापरतं, म्हणून व्हिडिओत फरक जाणवतो. ८ जीबीची एकच डीडीआर३ फारच स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच फक्त एएमडीच्या बोर्डावर चालणाऱ्या असतात, इंटेलच्या बोर्डावर संगणक सुरूच होत नाही. विक्रेता ‘सर्व बोर्डांवर चालते’ म्हणाला तरी परत घेण्याची कबुली लिहून घ्या.

लॅपटॉपची रॅम आखूड असते, २०४ पिनांची. ती इथे बसणार नाही.

प्रोसेसर बदलू नका. दोन कोअर आणि चार थ्रेड तुमच्या कामाला पुरे आहेत. पुढे बदललाच तर नावाच्या शेवटी ‘एस’ असलेला ६५ वॉटचा किंवा ‘टी’ असलेला ३५ वॉटचा चार कोअरचा आय५ शोधा, छोट्या पेटीत ८४ वॉटचा साधा आय५ तापतो. आय५-४५९० आणि त्याच्या भावंडांसाठी जुन्या एच८१ बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) आधी अद्ययावत करावं लागतं, आणि ते हा आय३ लावलेला असतानाच करायचं.

हार्ड डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकू नका. २५६ जीबीची साटा (केबलने जोडायची) एसएसडी घ्या. या बोर्डावर चार साटा खाचा असतात, त्यातल्या दोन ६ गिगाबिटच्या आणि दोन ३ गिगाबिटच्या. एसएसडी ६ वाल्या खाचेत. एम.२ च्या (पट्टीसारख्या उघड्या) एसएसडीचा मोह नको, या बोर्डात ती नीट चालवायला खटपट फार.

सुकाणू

तो ४५० वॉटचा एसएमपीएस वापरायचा असेल तर त्याच्या स्टिकरवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलंय ते इथे टाका. मोठ्या आकड्याला किंमत नाही, १२ व्होल्ट गुणिले अँपिअर हाच खरा आकडा. तुमचा अख्खा संगणक पूर्ण ताणावरही शंभर वॉटच्या आत राहील.

तपासायचा असा: बोर्डापासून वेगळा करा, २४ पिनांच्या टोकातली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर तारेच्या तुकड्याने जोडा, ओझं म्हणून एक जुना पंखा लावा. मग मल्टीमीटरने मोजा. पिवळी ११.४ ते १२.६, लाल ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४७. यातली एकही बाहेर गेली तर एसएमपीएस बाद. वासही घ्या. माशासारखा किंवा जळका वास येत असेल तर मोजायच्या भानगडीतच पडू नका.

तो उघडून दुरुस्त करायचा विचार कृपया करू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्टपर्यंत साठा असतो आणि प्लग काढल्यावरही तो राहतो.

पुळण

सगळ्यांचे आभार. स्टिकरवर १२ व्होल्ट, १४ अँपिअर आहे. मोजलं: पिवळी ११.२, लाल ५.१, नारिंगी ३.३. म्हणजे बाद ना?

बोर्ड टेबलावर चालू झाला, पण तीन वेळा बटण दाबल्यावर एकदा. रॅमच्या खाचेजवळ आणि ऑडिओच्या भोकांजवळ पांढरट-हिरवट बुरशीसारखं काहीतरी दिसतंय. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, तरी दोन दिवसांनी पुन्हा तसंच. दुकानदार म्हणतो डब्ल्यूडी-४० (गंज सोडवायचा तेलकट फवारा) मारा. आणि पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर?

सुकाणू

हो, ११.२ म्हणजे बाद.

आता त्या पांढऱ्या थराबद्दल, कारण किनाऱ्यावरच्या संगणकाचा खरा शत्रू तोच आहे. ती बुरशी नव्हे, ते मीठ आणि तांब्याचा गंज आहे. अल्कोहोलने पुसून गेलं नाही कारण मीठ अल्कोहोलमध्ये जवळजवळ विरघळतच नाही, नुसतं इकडचं तिकडे होतं. मीठ पाण्यानेच जातं.

म्हणून असं करा. बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल काढा, प्रोसेसर जागेवर राहू द्या, म्हणजे सॉकेट झाकलेलं राहतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं किंवा विहिरीचं नको. मऊ टूथब्रश त्यात बुडवून फक्त थर असलेली जागा हलक्या हाताने घासा, बोर्ड तिरका धरून पाणी बाहेरच्या कडेला ओघळू द्या, सॉकेटकडे नाही. हेच दोनदा. लगेच त्यावर ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल ओता, म्हणजे उरलेलं पाणी त्याच्यासोबत निघून जाईल. औषधाच्या दुकानात बहुधा ७० टक्क्यांचं मिळतं, त्यात बाकी पाणीच असतं. मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे ९९ चं मिळेल. मग पंख्याखाली पूर्ण एक दिवस वाळवा. पावसाळा असेल तर दोन दिवस.

रॅमच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेने पुसा. पॉलिश पेपर किंवा शाईचा खरखरीत रबर अजिबात नको, सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की चार फटक्यांत तांबं उघडं पडतं आणि मग गंज कायमचा.

डब्ल्यूडी-४० नको. खाचांत तेलाचा पापुद्रा राहतो, त्यावर धूळ आणि मीठ आणखी चिकटतं.

सिलिका जेल: हवा खेळणाऱ्या पेटीत त्याचा उपयोग शून्य. पुड्या अख्ख्या खोलीची हवा कोरडी करायला निघतात आणि दोन दिवसांत भरतात.

उपाय पेटीच्या ऊबेत आहे. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसंच बोर्डावर होतं: साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि त्या पाण्यातून वीज गळते. बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना पेटीतली हवा ३३ अंशांवर गेली, की तीच हवा ६७-६८ टक्क्यांवर येते. फक्त पाच अंश! म्हणजे जून ते सप्टेंबर संगणक रोज तास-दोन तास चालू राहिला पाहिजे, काम असो वा नसो. रिकामा चालताना ३० वॉट धरले तर दोन तास रोज म्हणजे महिन्याला दोन युनिटही होत नाहीत.

सुरंगी (वेंगुर्ला)

पेटीबद्दल मी लिहिते. पुन्हा लोखंडी कॅबिनेट घेऊ नका. ९ मिमीचा मरीन प्लाय घ्या. साध्या प्लायच्या कडा पहिल्याच पावसाळ्यात फुगतात.

आतलं माप ३६० × २२० × ९५ मिमी. साडेसात लिटरची पेटी होते. मागच्या बाजूला बोर्डाचे २२६ मिमी आणि त्याच्या शेजारी एसएफएक्स (छोट्या मापाच्या) एसएमपीएसचे १२५ मिमी असे रांगेत बसतात. एसएफएक्सची उंची ६३.५ आणि खोली १०० मिमी, त्यामुळे त्याच्यापुढे उरलेल्या जागेत एसएसडी आणि वायरींचं भेंडोळं जातं. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिमी रुंद, ८६ उंच आणि १४० खोल असतो. तो बोर्डाच्या शेजारी मावतच नाही.

मागची खिडकी १५९ × ४४.५ मिमी. बोर्डासोबतची पत्र्याची पट्टी असेल तर ती बसवा. नसेल तर खिडकी कापण्याआधी बोर्ड स्टँडऑफवर (बोर्ड तळापासून उचलून धरणाऱ्या खुंट्यांवर) बसवून पेन्सिलीने आखून घ्या, कारण स्टँडऑफची उंची चुकली की एचडीएमआयची पिन तिरकी जाते. स्टँडऑफ पितळी, किमान साडेसहा मिमीचे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच. बंदरावर बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानात चांगल्या प्रतीचे मिळतात.

हवा: समोरून आत ढकलणारा ९२ मिमीचा एक पंखा, त्यावर नायलॉनची मच्छरदाणीची जाळी दुहेरी. बाहेर जाणारी भोकं मागे वरच्या अंगाला, त्यांनाही जाळी. जाळी पंख्यावर थेट ताणू नका, हवा अर्धी होते. पंख्यापुढे २० मिमीची चौकट काढून तिच्यावर ताणा. हवा आत ढकलली की फटींतून ती बाहेरच निघते, धूळ आणि मीठ फक्त जाळीतून गाळून येतं. ही जाळी महिन्यातून एकदा साध्या पाण्याने धुवायची. पाली आणि बारीक लाल मुंग्या यांनाही तीच अडवते. मुंग्या उबेला अंडी घालायला एसएमपीएसमध्ये शिरतात आणि पाल दोन टोकांमध्ये आली की फ्यूज जातो.

प्लाय कापून, भोकं पाडून झाल्यावर सगळ्या कडांना, भोकांच्या आतूनसुद्धा, पॉलियुरेथेनचे दोन हात द्या. आणि पूर्ण वास जाईपर्यंत बोर्ड आत बसवू नका.

खाजण

+१. फक्त एक पर्याय नोंदवून ठेवतो. ज्यांच्याकडे सामान नाही त्यांनी हा खटाटोप करू नये. ऑफिसांतून निघालेले एक लिटरचे वापरलेले संगणक मिळतात, थिंकसेंटर टायनी, ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एलिटडेस्क मिनी. त्यांचा अॅडॉप्टर बाहेर असतो, म्हणजे २३० व्होल्ट पेटीत येतच नाहीत. घेताना मूळ अॅडॉप्टरसकटच घ्या. ऑप्टिप्लेक्सला आपला अॅडॉप्टर ओळखता आला नाही तर प्रोसेसर रांगत चालतो आणि माणूस विनाकारण सिस्टिम पुन्हा पुन्हा टाकत बसतो.

पुळण यांच्याकडे बोर्ड चालू आहे, त्यांनी मात्र आहे तेच पुढे न्यावं.

दर्याकिनारा_२

एसएफएक्स एसएमपीएस महाग पडत असेल तर छोटा डीसी कन्व्हर्टर बोर्ड आणि सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय लावता येईल का? इन्व्हर्टरची बॅटरी पण १२ व्होल्टचीच आहे, मग थेट तिलाच जोडलं तर?

सुकाणू

बॅटरीला थेट कधीच नाही. चार्ज होताना ती १४.४ व्होल्टपर्यंत जाते. स्वस्त कन्व्हर्टर बोर्ड ५ आणि ३.३ व्होल्ट स्वतः बनवतात, पण १२ व्होल्ट आले तसेच पुढे प्रोसेसरच्या ४ पिनांना देतात. मदरबोर्डाला ५ टक्क्यांपेक्षा जास्त चढउतार सोसत नाही. चांगला, स्थिर अॅडॉप्टर असेल तर ही जोडणी उत्तम चालते. पण सीसीटीव्हीच्या जाळीदार सप्लायमध्ये मीठ थेट आत जातं. पुळण, तुम्ही एसएफएक्सच घ्या.

तांब्याची_तार (चिपळूण)

अर्थिंगचा विषय कोणी काढला नाही म्हणून लिहितो. सात हजारांत एसएसडी थोडी लहान चालेल, पण अर्थिंग हवंच.

मल्टीमीटर एसीवर ठेवून भिंतीवरच्या सॉकेटमधल्या तिन्ही जोड्या मोजा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तितकंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. अर्थ नसेल तर एसएमपीएसच्या धातूच्या अंगावर ११०-११५ व्होल्ट दिसतात आणि एचडीएमआयची पिन टीव्हीत घालताना बोटांना झिणझिण्या येतात. एसएमपीएस बिघडलेला नसतो, त्यातल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे ते येतं आणि अर्थिंगमधून निघून जायला हवं. ते न गेल्यामुळेच टीव्हीचे एचडीएमआय पोर्ट जळतात.

आपल्याकडे जांभा आहे. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम असतं आणि मार्चनंतर जांभा कोरडा पडला की ते नावालाच उरतं. अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ आहे का बघा, आणि होळीपासून पाऊस पडेपर्यंत दर तीन-चार दिवसांनी दोन बादल्या पाणी ओता. नेमके याच काळात वळवाच्या विजा असतात.

स्पाइक गार्ड अर्थिंगशिवाय निव्वळ एक्स्टेन्शन बोर्ड आहे. आणि गडगडाट सुरू झाला की नुसता संगणकाचा प्लग काढून भागत नाही. छतावरच्या डिशची वायर सेट-टॉप बॉक्समधून टीव्हीत आणि टीव्हीतून एचडीएमआयने संगणकात येते. त्या वाटेने आलेला झटका मदरबोर्ड घेऊन जातो. डिशची वायर आणि एचडीएमआय दोन्ही काढा. फायबरमधून वीज येत नाही, पण राउटरचा अॅडॉप्टर आणि लॅनची तार यांतून येते.

घरचा इन्व्हर्टर यूपीएस मोडवर ठेवा. वीज जाऊन इन्व्हर्टर चालू व्हायला लागणारा वेळ त्यात कमी होतो. नवा एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, जुना त्याहून कमी.

पुळण

मोजलं. फेज-न्यूट्रल २२६, फेज-अर्थ १८१, न्यूट्रल-अर्थ ४४. खड्डा कोरडा ठणठणीत. दोन दिवस पाणी ओतल्यावर न्यूट्रल-अर्थ ९ वर आलं. वायरमनला बोलावलंय, कोळसा-मीठ बदलून घेतो.

डिस्टिल्ड वॉटरने धुतल्यावर बोर्ड पहिल्याच दाबात चालू होतो. आठवडा झाला, पांढरा थर परत आलेला नाही.

इथले भाव: एसएसडी १,९००, रॅम ४५०, एसएफएक्स २,६००, प्लाय-स्क्रू-जाळी-पॉलिश ६००, आयसोप्रोपिल-पेस्ट-सेल ४००, स्पाइक गार्ड ६००. एकूण ६,५५०. सिस्टिम कुठली टाकू?

सुरंगी (वेंगुर्ला)

विंडोज ११ तुमच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स मिंट २२ (मोफत ऑपरेटिंग सिस्टिम), तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाका, तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अद्ययावतं मिळतील. मराठी इनस्क्रिप्टचा कळफलक सेटिंगमधूनच जोडता येतो.

पण त्याआधी दोन गोष्टी. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्राम) पेनड्राइव्हवरून रात्रभर चालवा. एक जरी चूक लाल अक्षरांत दिसली तरी ती रॅम परत. आणि जुनी हार्ड डिस्क साठवणुकीला वापरणार असाल तर तिचा स्मार्ट अहवाल (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) काढा. ५ आणि १९७ या ओळींपुढे शून्य नसेल तर तिच्यावर मुलीच्या नोट्स ठेवू नका. फक्त १९९ वाढत असेल तर डिस्क ठीक आहे, साटाची केबल बदला.

छपाईयंत्राचं मॉडेल लिनक्सवर चालतं का ते आधी बघा, हिशेब तिथेच अडतो.

पुळण

शेवटचा प्रश्न. गणपतीनंतर घर तीन आठवडे बंद असेल. तेव्हा रोज तासभर कोण चालू ठेवणार?

सुकाणू

मग एसएसडी, रॅम आणि मदरबोर्ड काढून घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा, बोर्ड चंदेरी पिशवीत. आधी संगणक दोन तास चालवा, म्हणजे सगळं कोरडं आणि ऊबदार आत जाईल. इथे मात्र सिलिका जेल खरंच काम करतं, कारण डबा बंद आहे. पाव किलो पुरे, झाकणाच्या कडेला चिकटपट्टी.

जेल निळ्या दाण्यांचं नको, त्यात कोबाल्टचं विषारी क्षार असतं. नारिंगी घ्या. रंग बदलला की १२० अंशांच्या आसपास दोन तास तापवून पुन्हा वापरता येतं. त्यासाठी जुनी कढई वेगळी काढून ठेवा, स्वयंपाकाची नको.